चौकटीवरची ओळ

मी तिसरीच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर बोलतोय. दिवा गेलाय, अंगावर धूळ आहे, झाडू-बादल्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझं काय, वस्तूचं आयुष्य असंच संपतं. पण एका मुलीचं राहून गेलंय, ते सांगितल्याशिवाय जीव जात नाही.

मिनेसोटातल्या या लहानशा गावात मी आलो तेव्हा हॉगलंडबाई नवीनच नोकरीला लागल्या होत्या. माझ्या पोटात दिवा, वर काच, काचेवर मान काढून आरसा. काचेवर पारदर्शक फिल्म ठेवून लिहिलं की अक्षर बाईंच्या मागच्या पडद्यावर मोठं होऊन उमटायचं. फळ्यावर लिहायचं तर मुलांकडे पाठ करावी लागते. माझ्यापाशी बाई मुलांच्या तोंडाकडे बघत बघत लिहायच्या. बावीस वर्षांत त्यांनी वर्गाला पाठ दाखवली नाही.

रविवारी चर्चमधून त्या परस्पर शाळेत यायच्या. थंडीने हात काकडलेले, ते आधी माझ्या काचेवर शेकायच्या. मग पुढच्या आठवड्याचे धडे बांधायला बसायच्या. प्रत्येक धड्याचे तीन भाग: मी करते, आपण करू, तू कर. रिकाम्या बाकांना मोठ्याने शिकवून बघायच्या. एखादा शब्द अडला की म्हणायच्या, “इथे पोरं गोंधळतील,” आणि खोडायच्या.

फिल्मच्या कडेला पुठ्ठ्याची चौकट असायची. तिच्यावर बाई बारीक पेन्सिलीने स्वतःसाठी लिहायच्या. कुठे थांबायचं, कुणाला विचारायचं. पुठ्ठ्याची पडद्यावर नुसती काळी सावली पडते, त्यामुळे मुलांना ते कधी दिसलं नाही.

वर्गात प्रश्न विचारून बाई पेनाने माझ्या काचेवर टक् करायच्या. टक् झालं की सगळ्यांनी एकदम उत्तर द्यायचं. किती गोड वाटायचं ते!

मग एका हिवाळ्यात मारिट आली. नऊ वर्षांची, हडकुळी. हातमोजे रोज भिजलेले. बाई ते माझ्या गरम पाठीवर वाळत घालायच्या. टक् झालं की मारिटचे ओठ सगळ्यांबरोबर हलायचे. पंचवीस पोरांच्या गलक्यात कुणाला काय कळणार? पण बाईंनी पाहिलं. आवाजच येत नव्हता.

“वर्गात चुकलीस तर मी आहे ना गं,” बाई म्हणाल्या. “आधी माझ्याबरोबर म्हण.”

बाईंबरोबर पुटपुटेपर्यंत तिची मजल गेली. ‘तू कर’ तेवढं बाकी होतं.

नाताळच्या सुट्टीत भिंतीवर नवा फळा लागला. बोट लावलं की चालतो म्हणे. झाडलोट करणारा ऑर्व्हिल बाईंना चिडवायचा, “काय बाई, हे डबडं काही सुटत नाही तुम्हाला?”

“डबडं तुझी गाडी! रोज ढकलावी लागते. हा बिचारा एका बटणावर सुरू होतो.”

फेब्रुवारीत बाई आजारी पडल्या. इथली रीत अशी की दवाखान्यात जायचं असलं तरी बदलीच्या बाईंसाठी धडे लिहून ठेवूनच जायचं. बाईंनी खुर्चीत बसून, दम खात, सहा आठवड्यांचे अपूर्णांक लिहिले. सोमवारची फिल्म माझ्या काचेवर ठेवली, वर कापड घातलं, बाकीच्या फाइलमध्ये लावल्या. जाताना माझ्यावरून हात फिरवला.

बदलीवर आलेल्या मिस ब्रॅनिगन वयाने लहान, मनाने चांगल्या. माझं कापडसुद्धा न काढता त्यांनी फाइल उघडली. नव्या फळ्यावर घ्यायला फिल्म स्कॅनच्या मशिनीत घालायच्या, तर चौकटी अडायला लागल्या. त्यांनी फाडून टोपलीत टाकल्या.

“अहो, त्यावर बाईंचं काही लिहिलंय,” ऑर्व्हिल म्हणाला.

“गणित फिल्मवर आहे ना सगळं! एकसुद्धा ओळ गाळणार नाही मी.”

फाइलमधली खरंच गाळली नाही. फळ्याकडे तोंड करून त्यांनी सगळं नीट शिकवलं. पाठीमागे मारिटचे ओठ हलत राहिले. वसंतात परीक्षा झाली, तिचा कागद कोरा. पोरगी तिसरीतच ठेवली.

मला या खोलीत ढकलत आणताना ऑर्व्हिल म्हणाला, “गेल्या रे तुझ्या बाई.” मग बराच वेळ त्याने खोलीतला दिवा लावला नाही.

परवा जेवणाच्या वेळी मारिटच्या हातून दूध सांडलं. ऑर्व्हिलबरोबर ती फडकं घ्यायला या खोलीत आली. तो बादली भरायला गेला. तिने सहज माझं कापड उचललं. सोमवारची फिल्म तशीच होती, चौकटीसकट. ती वाकून वाचायला लागली.

“इथे थांबा. तिसऱ्या रांगेत मारिट. ओठ हलतात, आवाज येत नाही. रागावू नका. आधी तिच्याबरोबर म्हणा. मग तिला एकटीला म्हणू द्या. तिला येतं.”

शेवटचे दोन शब्द तिने बोटाने परत वाचले. फिल्मवर केक होता, चार तुकड्यांचा. एक खाल्ला, किती उरला?

तिने नखाने माझ्या काचेवर टक् केलं.

“पाऊण,” ती म्हणाली. मोठ्याने. एकटी.

मग बाहेर बादली वाजली. तिने कापड घाईने सारखं केलं आणि खाली मान घालून निघून गेली.

ऐकायला मी एकटाच होतो, आणि मी काही सांगू शकत नाही. म्हणून कुणी मला भंगारात न्यायला आलात तर खुशाल न्या. फक्त आधी कापड काढा, चौकटीवरचं वाचा, आणि त्या पोरीकडे तोंड करून एकदा विचारा. तिला येतं हो.