चिठ्ठीवरचा एक शब्द

त्या शिकाऊ मेंदूतज्ज्ञ मुलीला सगळं हॉस्पिटल 'हट्टीबाई' म्हणायचं, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभायचं तिला. एमआरआय विभागाच्या दारावर ठळक पाटी होती: फक्त विभागातल्या डॉक्टरांसाठी. हट्टीबाईनं तिच्या वॉर्डातल्या पेशंटची, बसचालक काकांची व्हीलचेअर ढकलत थेट आत नेली.

"वाचता येतं ना?" विभागप्रमुख कडाडले. "तुम्ही मेंदूवाल्यांनी पेशंट तपासावा, स्कॅन आम्ही वाचू. रिपोर्ट दिलाय. सगळं नॉर्मल!"

तिथंच तर घोडं अडलं होतं. काकांना एकाचे दोन दिसत होते. पण रिपोर्ट आला आणि वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं, सोंग करतोय, संध्याकाळी घरी पाठवा. परवा काका पन्नास माणसं बसवून गाडी काढणार होते.

"सर, स्कॅन मला बघायचाय. तुमच्या शेजारी बसून."

"तू कोण लागून गेलीस? स्कॅनच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस? 'चक्कर'. बास! एवढ्या मेंदूत चक्कर कुठं शोधू मी?"

हट्टीबाईचा चेहरा खर्रकन उतरला. अक्षर तिचंच होतं, घाईत खरडलेलं. डोळे नीट तपासले ते नंतर. पण तिच्या चुकीची शिक्षा काकांना का म्हणून?

"चुकलं माझं. हजारदा चुकलं. पण आता बघा. काका, माझ्या बोटाकडे बघा." बोट डावीकडे सरकलं. काकांचा डावा डोळा बोटामागे गेला, उजवा मात्र नाकाकडे वळायचं नाव घेईना. "असं सोंग कुणी करून दाखवावं, मी नोकरी सोडते!"

प्रमुखांनी चष्मा पुसला. "मेंदूच्या देठात असणार," ते पुटपुटले. "स्कॅनमध्ये तिथले पातळ काप घ्यावे लागतील."

तासाभरानं पडद्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला, दुखण्याचं मूळ. आधीच्या जाड कापांत तो निसटला होता.

"म्हणजे मी खोटारडा नाही ना?" काकांनी विचारलं आणि ते ढसाढसा रडले.

"झालं ना समाधान? आता बाहेर हो," प्रमुख म्हणाले. "पुन्हा इथं दिसलीस तर तुझं प्रशिक्षण बंद करायला लावीन."

"लावा खुशाल. उद्या आठला येते, शेजारी बसून स्कॅन बघायला."

दुसऱ्या दिवशी पाटी तिथंच होती आणि दार आतून बंद होतं. हट्टीबाईनं दणकून थाप मारली. तिच्यामागे वॉर्डातले बाकीचे चारही शिकाऊ डॉक्टर उभे होते, हातात काठोकाठ लिहिलेल्या स्कॅनच्या चिठ्ठ्या घेऊन.