शजर म्हणायला झालेला उशीर

मी शजर बोलतोय. दचकू नका, मी कुणी माणूस नाही, एक शब्द आहे. कुणी उच्चारलं तर मी असतो, नाहीतर नसतो. आमच्या जातीला स्वतःहून तोंड उघडता येत नाही. आज कशी कोण जाणे संधी मिळाली आहे, तर मनात साचलेलं सांगून टाकतो.

माझा जन्म अरबी भाषेतला. तिथे माझा अर्थ झाडं. एक झाड नव्हे, झाडंच झाडं. एकच हवं असेल तर मला शेपूट जोडून 'शजरा' म्हणतात. पुढे फारसीने मला दत्तक घेतलं. उर्दूने तर डोक्यावरच घेतलं. शायरांनी इतकं मिरवलं की भाजीबाजारात जायची मला लाज वाटू लागली. आमच्या त्या शेपूटवाल्या 'शजरा'चं नशीब त्याहून थोर. तुर्कीत त्याची नेमणूक घराण्यांच्या वंशावळीवर झाली, आणि मलय भाषेत तर तो चढत चढत थेट 'इतिहास' होऊन बसला. नातेवाईक असे मोठमोठ्या हुद्द्यांवर, आणि मी? मी दगडात गेलो.

त्याचं असं झालं. अकीक नावाच्या दगडात कधीकधी काळ्या बारीक फांद्या दिसतात. ते काही झाड नव्हे. भेगेत झिरपलेला काळा क्षार तसा पसरतो, एवढंच. पण बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आत एक झाड जपून ठेवलंय. अशा दगडाला लोक शजर म्हणू लागले. खऱ्या झाडांना ज्याच्या त्याच्या भाषेत नावं होतीच. मी आपला खोट्या झाडांवर पोट भरू लागलो.

असाच एका घरात येऊन पोचलो. बाप दगड घासणारा, आई शिवणकाम करणारी, थोरली मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि घरात उरलेली धाकटी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी सोडणारा डबा, आणि सगळ्या वस्तूंवर दगडाची पांढरी भुकटी. डाळीच्या डब्यावरसुद्धा.

या धंद्याचा एक नियम आहे. घासणाऱ्याने बघायचं नाही आणि बघणाऱ्याने घासायचं नाही. झाडावर दुधट थर असतो. तो जसजसा झिजतो तसतसं झाड उजळत जातं. पण एक फेरा जास्त झाला की थराबरोबर झाडही गेलं. ज्याच्या हातात दगड असतो त्याच्या डोळ्यांना हाव सुटते, अजून थोडं, अजून थोडं. म्हणून बाप मान खाली घालून घासायचा आणि दर फेऱ्याला दगड धाकटीकडे कलता करायचा. ती गप्प म्हणजे चालू दे. झाड पुरतं उजळलं की ती म्हणायची, "शजर!" की हात जागच्या जागी थांबे. आठ वर्षं मी तिच्या जिभेवर नांदलो. एकदाही उशीर झाला नाही.

एका सकाळी जवाहिऱ्यांकडचा माणूस आला. नुकताच झालेला दगड उजेडात धरून म्हणाला, "काय काम आहे हो! मुलगी पण शिकली वाटतं?"

"छे! सगळं हाताचं काम. ही नुसती बोलते," बाप हसत म्हणाला.

धाकटी तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. कप ठेवून ती आत गेली. बापाच्या गावीही नव्हतं.

त्याच दुपारी त्याने एक जुना दगड बाहेर काढला. कच्चा असताना कडेवरूनच त्याने ओळखलं होतं की आत झाड आहे. बायकोसाठी राखून ठेवला होता. जगाच्या बोटांत याचे खडे, आणि घरच्या बाईच्या बोटावर सुईच्या खुणा! आता तरी हे फेडू, म्हणून तो चाकावर बसला. धाकटी समोर बसली.

झाड उजळलं. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. बुंधा, फांद्या, फांद्यांना फुटलेल्या फांद्या. मी तिच्या जिभेच्या टोकावर आलो. आणि तिने ओठ मिटले.

फार नाही, दोनच फेरे. बापाने एकदा तरी मान वर करून "दिसलं का गं?" असं विचारावं, एवढीच तिची इच्छा होती. त्याने विचारलं नाही. त्याचा तिच्यावर विश्वास होता ना! मी दातांवर धडका मारत होतो. पण शब्दाची ताकद ती केवढी? ती घाबरून "शजर" म्हणाली तेव्हा दगड पाण्यासारखा स्वच्छ झाला होता.

बापाने दगड उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. "झाड कुठाय?"

"नव्हतंच, बाबा," धाकटी म्हणाली. "मला वाटलं काहीतरी दिसतंय, पण नव्हतं."

बाप ओरडला असता तर बरं झालं असतं.  दुसऱ्या दिवसापासून कच्चे दगड निवडताना त्याचा हात अडखळू लागला. जो दगड पूर्वी त्याने डोळे झाकून उचलला असता, तो चार चारदा ओला करून बघायचा आणि टाकाऊ टोपलीत टाकायचा. बायकोला विचारायचा, "यात आहे का गं काही? माझी पारख गेली." चाक बंद झालं. धाकटी टोपलीतले चांगले दगड बघत बसायची.

शेवटी जेवताना ती म्हणाली, "बाबा, त्या दगडात झाड होतं."

"होतं?"

"अख्खं होतं. मी बघितलं आणि बोलले नाही."

"का?"

"तुम्हीच म्हणालात, ही नुसती बोलते. म्हटलं, न बोलून बघू."

बाप ताटावरून उठला. टाकाऊ टोपली आणून त्याने सगळे दगड परत निवडलेल्यांत ओतले. धाकटीकडे बघितलंही नाही. ती रडू लागली. तेव्हा आई बोलली, "तिने एकदा गप्प बसून घोळ घातला. तुम्ही आठ वर्षं तिच्या कामाबद्दल गप्प बसलात, त्याचं काय?"

बाप पुन्हा ताटावर येऊन बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी बसू चाकावर."

तर आता चाक पुन्हा सुरू आहे. जवाहिऱ्यांचा माणूस आला की बाप आधी धाकटीचं नाव घेतो. वरवर सगळं ठीक आहे. पण तिच्याइतकाच मीही खजील आहे. झाडांसाठी जन्मलो आणि माझ्या उशिरामुळे एक झाड गेलं. ते खोटं होतं, क्षाराचं होतं, हे मी मनाला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

म्हणून एवढीच विनवणी. तुमच्या जिभेवरही माझे कुणी भाऊबंद बसलेले असतील. त्यांची वेळ झाली की त्यांना सोडा. मागून सोडलेला शब्दही शब्दच असतो, पण त्याच्या हातून काही वाचत नाही.

कालचीच गोष्ट. धाकटीने अगदी वेळेवर मला उच्चारलं. बापाचा हात थांबला, पण थांबण्याआधी त्याने मान वर करून दगडाकडे स्वतः बघून खात्री करून घेतली. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता, तर ती रडून मोकळी तरी झाली असती.