चौदा आणि पंधरा नंबरच्या काचा

मावशीच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले, तेव्हा रिपोर्टवर सही प्रयोगशाळेत थुंकी तपासणाऱ्या तिच्या भाच्याचीच होती. चर्चच्या मंडळीनं आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना केली. औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी खात्रीसाठी दुसरा नमुना मागवला, तर तो साफ. एक्स-रेही साफ. देवानं बरं केलं हे सगळ्यांसमोर सांगायला पाळकसाहेबांनी लगेच रविवारच्या उपासनेत मावशीची साक्ष ठेवली.

भाच्याला मात्र अन्न गोड लागेना. रविवारी सकाळीच त्यानं प्रयोगशाळा उघडून मावशीच्या पहिल्या नमुन्याची काच काढली. चौदा नंबर. नोंदवहीत नमुना 'पातळ', आणि काचेवरचा थर चांगला घट्ट. 'घट्ट' लिहिलेल्या पंधरा नंबरवर पातळ. त्याला त्या काचा केल्या तो दिवस आठवला. काच हातात घेतली, की तो डोळे मिटून त्या माणसासाठी देवाशी दोन शब्द बोलायचा. पण आधी नंबर टाकून. त्या दिवशी काच मावशीची, म्हणून प्रार्थना आधी झाली, लांबली, आणि नंबर मागून पडले, ते उलटे.

पंधरा नंबर एका बसड्रायव्हरचा. साधा खोकला म्हणून त्याला घरी पाठवलं होतं.

चर्चमध्ये मावशी पहिल्या बाकावर ठेवणीतली साडी नेसून बसली होती. त्यानं शेजारी बसून खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"आणि देवानं काहीच केलं नाही?"

"ते मला नाही कळत, मावशी. काचेवर दिसतं तेवढंच कळतं."

तिनं मागं वळून पाहिलं. आठवडाभर घरी येऊन गेलेली माणसं मागं बसली होती. त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

"तो दुसरा कुठाय?"

"घरी."

"घरात पोरंबाळं?"

"दोन लहान."

"मग माझ्याकडं काय आलास, मेल्या? आधी तिकडं जायचं होतंस."

"तुझी साक्ष..."

"साक्ष माझी आहे, मी बघते. तू ऊठ."

"लोक हसतील तुला."

"तुझी आई गेल्यापासून तुझं सगळं निस्तरलंय. त्यात हे एक."

पाळकसाहेबांनी मावशीला पुढं बोलावलं. ती उठली आणि पदर सावरत म्हणाली, "मला बरं केलं असं सांगायला आले होते. पण मी आजारीच नव्हते. आजारी दुसराच कोणी आहे, आणि त्याला अजून पत्ता नाही."

चर्चमध्ये कुजबूज उठली. पुढचं ऐकायला भाचा थांबला नाही. नोंदवहीतून उतरून घेतलेला पत्ता हातात धरून तो बसथांब्याकडं भराभर चालू लागला.