सुईच्या आधी मी

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे हो! रक्त काढताना दंडाला आवळतात ना, तो निळा, रबरी. लोक सुईच्या नावानं बोटं मोडतात, पण त्यांची पाचावर धारण बसते ती मला बघूनच.

कारखान्यातून निघालो तो थेट रक्ततपासणीच्या खोलीत. तिथे माणसं फार पाहिली. घाबरलेल्यांना सगळे एकच थाप मारायचे, "दुखणार नाही हं, तिकडे बघ, चिमणी!"

एका पंधरा वर्षांच्या मुलीलाही हेच सांगितलं. ती स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. तिच्या लेखी बोललेला शब्द खराच असायचा. बिचारी खिडकीत चिमणी शोधत राहिली आणि सुई टोचली. मग काय विचारता! खुर्ची आडवी, मी जमिनीवर, चौघांनी धरूनही रक्त काही निघालं नाही. पुढे घरीसुद्धा कुणी "तिकडे बघ" म्हटलं, की ती कान झाकून किंचाळायची.

तिला फिट्स यायच्या, आणि त्या वाढत चालल्या होत्या. रक्त तपासल्याशिवाय औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना ठरवता येईना. तिच्या बाबांचा चेहरा पाहवत नव्हता.

शेवटी आमच्या सिस्टरांनी मला बाबांच्या हातात ठेवलं. "हा घरी न्या. आधी याच्याशी गट्टी जमू दे. आणि आता खोटं बोलायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

घरी मी बरेच दिवस टेबलावर नुसता लोळत होतो. मग तिनं मला हुंगलं, ताणलं, खुर्चीच्या पायाला बांधलं. एके दिवशी बाबांच्या दंडाला मला असं काही आवळलं की बाबा ओरडले, "अगं, हात निळा पडेल माझा!"

"दुखतं?"

"हो. पण सोडलंस की थांबेल."

तिनं सोडलं. खरंच थांबलं. मग रोज हाच उद्योग! बांध, विचार, सोड. बाबांनी एकदाही "दुखत नाही" म्हटलं नाही. एका सकाळी तिनं मला स्वतःच्या दंडावर ओढलं.

तपासणीच्या दिवशी तिनंच मला बांधलं.

"टोचेल?"

"टोचेल," सिस्टर म्हणाल्या. "सुई आत असेपर्यंत दुखेल. तू 'आता' म्हणशील तेव्हाच टोचेन."

बाहेर रांग कुरकुरत होती. सिस्टरांनी मान वळवली नाही. माझ्याखाली तिची नाडी धडधडत होती. ती सुईकडेच बघत होती.

"आता."

डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात तसूभर हलला नाही. सिस्टरांनी मान डोलावताच मला तिनंच सोडलं. न घाबरणाऱ्यालाच धीट म्हणतात, असं मला वाटायचं. आपली अक्कलही रबराचीच! त्या रक्तावरून औषध बदललं, फिट्स कमी झाल्या.

आता मी सैल पडलोय, कडांना चिरा गेल्यात. तरी दर तपासणीला ती मला घेऊन येते. आज रांगेत शेजारी एक धिप्पाड काका घामाघूम बसलेत. काकू समजावतायत, "काही दुखत नाही हो, तिकडे बघा!"

अनोळखी माणसाशी कधीही न बोलणारी माझी पोरगी उठली. "दुखतं, काका. थोडं. मग संपतं." आणि मला तिनं त्यांच्या हातात ठेवलं.

काका मला ताणून बघतायत. अहो काकू, जरा थांबा, घाई करू नका. 'आता' ते स्वतःच म्हणतील.