पाण्याची गोळी

बँडमास्तरांचा उभा जन्म ट्रम्पेट फुंकण्यात गेला. सूर असा लांबवायचे की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हावा. त्यामुळे फुप्फुसांच्या अभ्यासासाठी धडधाकट म्हातारे हवेत, अशी पाटी रुग्णालयाच्या दारावर दिसली तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं. ते किती, हे एमआरआयने मोजायचं होतं. निरोगी फुप्फुसात बहुतेक हवाच, म्हणून चित्रात ते काळं दिसतं. पाणी वाढलं की उजळत जातं. तुलनेसाठी छातीशेजारी पाण्याची बाटली ठेवत. आजाऱ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहायला निरोगी माणसंही लागत. बँडमास्तर त्या निरोगी गटात होते आणि महिन्यातून एकदा जात.

खरं सांगायचं तर त्यांना या शास्त्राशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ते जात कानातल्या आवाजासाठी. एमआरआयच्या बोगद्यात आडवं झालं की यंत्रावरची मुलगी काचेपलीकडून कानात बोलायची. "काका, श्वास घ्या. सोडा. आता तसेच थांबा." मग यंत्राची ठोकाठोक आणि शेवटी, "घ्या श्वास. छान." बायको गेल्यापासून त्यांना छान म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुलगा दूर. त्याचा फोन यायचा तो 'ठीक ना?' विचारायला, आणि उत्तर तोंडात असतानाच बंद व्हायचा.

गेल्या तपासणीनंतर मात्र आडवं झालं की दम लागू लागला. आधी एक उशी वाढली, मग बायकोचीही आली, शेवटी खुर्चीत बसूनच झोप. बायकोचं दुखणं असंच सुरू झालं होतं, तेव्हा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण आजारी ठरलो तर निरोगी गटातून नारळ मिळणार, या भीतीपुढे बाकी सगळं किरकोळ होतं. कपाटात बायकोच्या पाण्याच्या गोळ्या पडून होत्या, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या. त्यांची मुदत केव्हाच उलटली होती. मुदत तर आपलीही उलटलीय, असं म्हणत बँडमास्तरांनी तपासणीच्या चार दिवस आधीपासून त्या गिळायला सुरुवात केली. मोरीच्या चकरा मारून जीव मेटाकुटीला आला, पण छाती हलकी झाली.

तपासणीनंतर डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, फुप्फुसं कोरडी ठणठणीत आहेत, तरण्यांना लाजवाल. निरोगी गटाचे आकडे आता पुरेसे झाले, काम संपलं. यापुढे ज्यांचं पाणी वाढलंय त्यांनाच बोलवायचं, तेही दर आठवड्याला.

"तुम्ही सुटलात," डॉक्टरांनी हात मिळवला आणि ते निघून गेले.

बँडमास्तर तिथेच उभे राहिले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दर आठवड्याला! नुसतं गप्प पडून राहिलो असतो तरी चाललं असतं.

मुलगी बाटली पुसत होती. म्हणाली, "तुमच्यासारखा श्वास कुणी धरत नाही, काका. इतका सरळ माणूस नाही पाहिला मी."

"अगं, मी..."

तिने मान वर केली. त्या गोळ्यांचं सांगितलं की आपण खोटारडे ठरणार, आणि आजवरची सगळी 'छान' परत द्यावी लागणार, असं त्यांना वाटलं.

"काही नाही," ते म्हणाले. "बाटली जप."

गोळ्या संपल्या होत्या. दोन-तीन दिवसांत दम परत आला आणि बँडमास्तर पुन्हा खुर्चीत. एका दुपारी त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "काका, श्वास घ्या." घेतला. "सोडा." सोडला. "आता तसेच थांबा," एवढं जेमतेम म्हणून झालं आणि छाती रिकामी झाली.

ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पण श्वास रोखलेल्या माणसाला ते स्वतःला म्हणता येत नाही, दुसऱ्या कुणी तरी म्हणावं लागतं. बँडमास्तर वाट बघत राहिले.