छतावरची लाल खूण

रंगारी तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. दवाखान्याच्या छतावर त्यानं लाल खूण काढली ती अशी ऐसपैस, की आंधळ्यालाही दिसावी. काढायला लावली होती त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं. तो वकील.

"सोळा देशांची आघाडी आपल्याला वाचवायला आलीय म्हणे, न बोलावता!" रंगारी उखडला होता. "त्यांना कसला आलाय कायदा, वकीलसाहेब?"

"आले ते बेकायदाच, दादा. पण दवाखान्यावर बॉम्ब टाकायला कायद्यानं बंदी आहे. खूण दिसली की विमान वळतं."

बहीण तिथंच नर्स होती. मग काय, रंगाऱ्यानं तीन डबे लाल रंग ओतला.

पण खुणेचा बोभाटा गावभर झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आघाडीशी लढणाऱ्या बंदूकवाल्यांनी आपली तोफ थेट दवाखान्याच्या अंगणात आणून उभी केली. इथं कोण बॉम्ब टाकतंय, म्हणाले. बहिणीला बाहेर ये म्हटलं तर ती भावावरच खेकसली, "अकरा जखमी कुणाच्या जिवावर सोडू?"

रंगारी डांबराचा डबा घेऊन मागच्या भिंतीच्या शिडीवर चढला. "पुसूनच टाकतो ती अवदसा! खूण गेली की हे हरामखोर तोफ हलवतील."

वकिलानं खालून त्याचा पाय धरला. "दादा, पुसलीत तर तिच्या डोक्यावरचं छत्रच जाईल! मी आघाडीला पत्र लिहितो."

"सोड पाय!"

"नाही सोडणार."

तेवढ्यात विमान आलं. शिडीसकट दोघं कुंपणापलीकडे फेकले गेले. रंगारी शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या कानांतून रक्त गळत होतं आणि आजूबाजूला छताची लाल रंगाची ढेकळं पडली होती. बहीण सापडली ती निम्मी. उरलेली त्यांनी चादरीत गोळा केली. एक टोक वकिलानं धरलं, दुसरं रंगाऱ्यानं.

वकिलानं मग आघाडीला जाब विचारणारं पत्र धाडलं; महिन्याभरानं उत्तर आलं. वकिलानं ते वाचून दाखवलं. "अंगणात तोफ होती, म्हणून दवाखान्याचं संरक्षण संपलं. इशाराही दिला होता म्हणतात. हल्ला कायदेशीर."

"कुणाला दिला इशारा? मला? तिला?"

"हे खरं असेल तर... कायद्यानं ते बरोबर आहेत, दादा."

रंगाऱ्यानं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. दोन ठोशांत ओठ फाटला, तिसऱ्यात दात पडला. वकिलानं हात वर केले नाहीत.

"मारा," तो रक्त गिळत म्हणाला. "पाय मीच धरला होता."

रंगाऱ्याची मूठ हवेतच राहिली.

"आणि खूण कुणी काढली होती रे?" तो ओरडला, आणि त्याच मुठीनं स्वतःचं कपाळ बडवू लागला.