दुसरा अंगठा

मंगळवारी मुलाखत असायची. तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात, हे मला बाबा आत गेल्यावर कळलं. त्या मंगळवारी ते काचेच्या पलीकडे येऊन बसले, रिसीव्हर उचलला आणि कानाला लावण्याआधी शर्टाच्या टोकाने पुसला. घरीही दुसऱ्याचा फोन ते असाच पुसून घेत.

"जेवलंस गो?"

"जेवले. तुम्ही?"

"वाटाण्याची उसळ होती. शिजलेले होते वाटाणे." एवढं सांगून ते हसले. आधीच्या जुन्या तुरुंगात वाटाणे शिजत नसत, पंखे फिरत नसत आणि झोपेत कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागे. तिथून त्यांना इथे हलवलं तेव्हा आईने देवाला नारळ फोडला होता. मुलुंडच्या टोकाला, बंद पडलेल्या एका रंगाच्या कारखान्याच्या जागेवर हे नवं बंदीगृह उभं राहिलं होतं. जागा सरकारची, चालवणारी कंपनी खासगी. ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशा कच्च्या कैद्यांसाठी केलेला प्रयोग. माणशी जागा किती, जेवणात डाळ किती, किती कैद्यांमागे किती रखवालदार, हे सगळं करारात लिहिलेलं होतं, आणि कंपनी ते पाळत होती. ही गोष्ट मी कधी नाकारली नाही.

"आवशीचो गुडघो कसो आसा?"

"तसाच. आईला जिना चढताना दुखतो."

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत, त्याच जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या चावीवरून बाबांचं आणि वरच्या मजल्यावरच्या धोंडिरामकाकांचं भांडण झालं होतं. काका जिन्यावरून पडले आणि पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. बाबांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. काकांचा पाय घसरला, असं बाबांनी पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं. आई तेच सांगायची, माझा धाकटा भाऊ नितेश तेच सांगायचा. मी त्या वेळी कामावर होते, पार्ल्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. विचारणाऱ्याला मीही तेच सांगायचे.

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सुले, मी ढकललंय तेका."

माझ्या डोक्यावर, भिंतीला, एक पाटी होती. येथील संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते.

"घसारलो नाय तो," बाबा म्हणाले. "माझो हात लागलो. असो." आणि त्यांनी उघडा तळवा काचेवर टेकवून दाखवला.

मी पाटीकडे पाहिलं. मग विचारलं, "प्रेशरच्या गोळ्या घेताय ना?"

त्यांनी तळवा काचेवरून काढून घेतला. "घेतंय," म्हणाले. घंटा झाली. काचेवर तळव्याची वाफ राहिली होती, ती मी बाहेर पडेपर्यंत विरली.

दोन दिवसांनी, दुपारी, बाबा गेले.

कसे गेले ते चौकशी अहवालात आहे, आणि त्यात खोटं काही नाही. जेवणानंतर छातीत कळ आली. रखवालदाराने लगेच कळवलं. डॉक्टर पाच मिनिटांत पोचले, त्यांनी मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. कराराप्रमाणे रुग्णवाहिका आवारात उभी होती, चालकाने ती सुरूही केली. बाबांना स्ट्रेचरवर घालून मधल्या फाटकापर्यंत आणलं. ते फाटक दोन अंगठ्यांवर उघडतं. एक कंपनीच्या पाळीप्रमुखाचा, दुसरा सरकारी अधिकाऱ्याचा. कैद्याला सोडायचा किंवा बाहेर काढायचा अधिकार खासगी माणसाच्या एकट्याच्या हातात जाऊ नये म्हणून ही सोय. पाळीप्रमुखाने अंगठा लावला. सरकारी अधिकारी दुसऱ्या कैद्याला घेऊन दिंडोशीच्या कोर्टात गेले होते. ते तिथून निघाले, रस्त्यात अडकले, पोचले. तोवर फाटकाच्या एका बाजूला बाबा होते आणि दुसऱ्या बाजूला, सुरू असलेली रुग्णवाहिका.

फाटकाशेजारी काचेच्या पेटीत एक किल्लीही होती. आग लागली तर काच फोडायची.

अहवालाचं शेवटचं वाक्य होतं: करारातील कोणत्याही अटीचा भंग झालेला नाही.

आरोपी मेला की खटला संपतो. आईने हे वकिलाकडून दोनदा समजून घेतलं. "म्हणजे त्यांच्यावर काही शाबीत झालं नाही," ती म्हणाली. "नाव स्वच्छ राहिलं." वरच्या मजल्यावर काकांची बायको एकटी राहते. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघींपैकी एक भिंतीकडे सरकते. नेहमी आईच सरकते असं नाही.

पाच महिन्यांनी सरकारने ठरवलं की अशी आणखी बंदीगृहं खासगी कंपन्यांना द्यायची, आणि त्याआधी करारासाठीची मानकं सुधारायची. समिती नेमली. अंधेरीला एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत तिची सुनावणी ठेवली. माझी कॉलेजची मैत्रीण माधुरी वकील आहे, तिने माझं नाव दिलं. आमची मागणी एकच होती: जीव जात असेल तर जो कोणी फाटकावर असेल त्याने काच फोडावी आणि त्यासाठी कंपनीला दंड होऊ नये.

निघताना आई म्हणाली, "त्यांच्याविषयी चांगलं बोल. बाकी तुला काय ते कळतं."

संस्थेच्या पायऱ्यांवर माधुरी उभी होती. "सुलू, ऐक. लायब्ररीतल्यासारखं हळू बोलू नकोस. आणि उगाच पुस्तकी काही काढू नकोस. बाबा निर्दोष होते, इथून सुरू कर आणि तिथेच थांब. लोकांना निर्दोष माणूस लागतो यार, त्याशिवाय त्यांना रडू येत नाही."

"फाटकाचं बोलायचंय ना आपल्याला?"

"फाटकासाठी कोण रडतं गं?"

माझ्याबरोबर आलेला नितेश हसला. त्याच्या मागे एक तरुण उभा होता, पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. तो पुढे आला.

"ताई, मी प्रीतम. त्या दिवशी फाटकावर पाळीप्रमुख मीच होतो."

नितेश लगेच मध्ये आला. "तू? तू इथे कशाला आलायस रे? कंपनीने पाठवलं?"

"कंपनीत नाही मी आता. सोडली." तो माझ्याकडेच बघत होता. "ताई, मी त्या काचेला हात लावला होता. हातोडी काढली होती."

"मग?"

"त्यांच्या कार्डावर लाल पट्टी होती. मोठा गुन्हा असला की लाल पट्टी देतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, लाल पट्टीवाला छाती धरून पडला तर आधी समजा नाटक आहे. आणि पळाला तर कंपनीला जबर दंड." त्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "नाटक नव्हतं, ते दिसत होतं मला. पण पट्टीपण दिसत होती ना."

"ते काही म्हणाले?"

"पाणी मागितलं. मी दिलं. मला म्हणाले, तुझो काय दोष नाय झिला."

नितेश पायऱ्या चढून आत निघून गेला.

सभागृहात समितीचे पाच जण होते, कोपऱ्यात इतिवृत्त घेणारा टंकलेखक. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते, देवदत्त नावाचे, आवाज मऊ. त्यांच्या शेजारी निवृत्त तुरुंग अधीक्षक. समोर कंपन्यांच्या बाजूने देवेश नावाचा एक माणूस, माझ्याच वयाचा, पाण्याची बाटली सारखी उघडत आणि बंद करत होता. प्रीतम शेवटच्या रांगेत बसला.

मी बोलले. फाटक कसं उघडतं, त्या दिवशी काय झालं, किल्ली कुठे होती. बाबांविषयी एवढंच म्हणाले की ते बासष्ट वर्षांचे होते आणि गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. माधुरी माझ्याकडे बघत होती. निर्दोष हा शब्द माझ्या तोंडून आला नव्हता.

देवेश उठला. "मॅडमविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. पण सर, करार बघा. कैदी पळाला तर आम्हाला दंड. दोनदा पळाला तर करार रद्द. फाटक बंद राहिलं तर काहीच नाही. उद्या आमचा फाटकावरचा पोरगा काच फोडेल आणि कैदी रुग्णवाहिकेतून उडी मारेल. मग तुम्ही मला सोडणार का?"

"म्हणूनच दंड नको म्हणतोय," माधुरी बसल्या जागेवरून म्हणाली.

"म्हणजे मग छातीत दुखायची साथच येईल, मॅडम."

मागे कोणीतरी हसलं. अधीक्षकांनीही मान हलवली. "तीस वर्षं पाहिलंय मी. एक जण तर जीभ चावून रक्त ओकून दाखवायचा. प्रत्येकाला काच फोडत बसलात तर फाटक कशाला हवं? पडदा लावा."

अध्यक्षांनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी समोरच्या कागदावर थोडं लिहिलं, शेजाऱ्याशी कुजबुजले, मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा खरोखर व्यथित दिसत होता.

"बाई, तुमच्या वडिलांचं जे झालं ते व्हायला नको होतं. मी त्यांच्या खटल्याचे कागद पाहिले. साक्षीदार नाही, वैर नाही, आयुष्यभर कष्ट केलेला माणूस. पाय घसरल्याचं प्रकरण होतं ते, मला यात शंका वाटत नाही. चुकीच्या माणसाच्या कार्डावर लाल पट्टी लागली. तेव्हा असं करू. ज्यांच्यावर लाल पट्टी नाही त्यांच्यासाठी काच फोडायची मुभा. लाल पट्टीवाल्यांसाठी दुसरा अंगठा हवाच. मात्र ज्यांच्याविरुद्धचा पुरावा वरवर पाहताही कमकुवत आहे, त्यांना आधीच छाननी करून या अटीतून सूट द्यायची. तुमच्या वडिलांसारख्यांना. कंपन्यांचं काय म्हणणं?"

"हे चालेल, सर," देवेश लगेच म्हणाला. बाटलीचं झाकण घट्ट बसवून त्याने ती खाली ठेवली.

"खऱ्या खुन्यासाठी कोणी फाटक उघडा म्हणणार नाही," अधीक्षक म्हणाले. "बाईसुद्धा म्हणणार नाहीत."

माधुरीने माझा दंड धरला. "घे," ती पुटपुटली. "मिळतंय ते घे, सुलू. यापेक्षा जास्त आज नाही मिळणार."

दुसऱ्या बाजूने नितेश वाकला. त्याचे डोळे भरले होते. "ताई, ऐकलंस ना? पाय घसरला म्हणाले ते. एवढा मोठा माणूस म्हणाला. आईला सांगता येईल. बाबांच्या नावाचं कलम होईल गं."

मला फक्त मान हलवायची होती. आईला संध्याकाळी सांगता आलं असतं. जिन्यात तिला भिंतीकडे सरकावं लागलं नसतं.

आणि त्या नव्या कलमाप्रमाणे त्या दुपारी काय झालं असतं, ते मी मनात मांडून पाहिलं. छाननी करणाऱ्याने बाबांना विचारलं असतं. मंगळवारी मला जे सांगितलं ते त्यांनी एखाद्या दिवशी त्यालाही सांगितलं असतं, कारण ते त्यांना आता पोटात ठेवता येत नव्हतं. मग पट्टी लालच राहिली असती. हातोडी प्रीतमच्या हातात तशीच राहिली असती. सूट खोटं बोलणाऱ्याला मिळाली असती.

"बाई?" अध्यक्ष म्हणाले. "मान्य आहे ना?"

"नाही."

माधुरीचा हात सुटला.

"मला ही सूट नको," मी म्हणाले. "ती माझ्या वडिलांना लागू झाली नसती."

"का नाही? मी आत्ताच..."

"आपण कागद वाचलेत. त्यात ते नाही." माझा आवाज लायब्ररीतल्यासारखाच येत होता. मी माईक जवळ ओढला. मागच्या रांगेत प्रीतम उभा राहिला होता.

"ताई," नितेश म्हणाला. "ताई, बस खाली." मग आणखी हळू, लहानपणी म्हणायचा तसं, "सुलूताई, नको ना."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तसाच ठेवून बोलले.

"मृत्यूच्या दोन दिवस आधी मी त्यांना भेटले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी उत्तरादाखल गोळ्यांची चौकशी केली. त्यानंतर आजवर मी ती कोणाला सांगितलेली नाही. आईलाही नाही."

देवेश माझ्याकडे बघत होता. ते ध्वनिमुद्रण कोणी ऐकलं होतं का, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची आता गरज नव्हती.

टंकलेखकाचे हात थांबले होते. त्याने अध्यक्षांना विचारलं, "सर, हे इतिवृत्तात घ्यायचं?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. ते काही बोलण्याआधी मी म्हणाले, "घ्या. सावकाश सांगते."

नितेशने माझं मनगट धरलं. मी हात काढला नाही.

"माझे वडील लवू, राहणार घाटकोपर, यांनी धोंडिराम यांना जिन्यावरून ढकललं. त्यांचा पाय घसरला नव्हता. माझ्या वडिलांनी ढकललं आणि त्यात तो माणूस गेला. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं आणि ते खरं आहे. त्यांच्या कार्डावरची पट्टी बरोबर होती." मी थांबले. टंकलेखक मागे पडला होता, त्याला गाठू दिलं. "आणि तरीही ती काच फोडायला हवी होती."